आबाजींचं मृत्युपत्र आणि ट्रॅक्टर वळायची जागा

मटारचे दिवस आले की जबलपुरातल्या आमच्या गोरखपुरच्या घरात बसायला जागा उरत नसे. पलंगावर जुनी चादर टाकून तिच्यावर शेंगांचा ढीग, शिलाई मशीनच्या झाकणावर शेंगा, बाबांच्या खुर्चीत टेकवलेलं पोतं. जो कोणी घरात येई त्याच्यासमोर आई आधी परात सरकवायची आणि मग विचारायची, काय काम होतं. शेंग फुटताना जो बारीकसा टच् आवाज येतो तो माझ्यासाठी अजूनही हिवाळ्याचा आवाज आहे. दाणे सुरुवातीला परातीत टणटण वाजायचे, तळ झाकला गेला की आवाज मऊ व्हायचा, आणि तेवढ्यावरून आई स्वयंपाकघरातून सांगायची, "भरली ना परात? दुसरी घ्या." मग उसळ, भात, पराठे, संध्याकाळी करंज्या, आणि सालांचीही भाजी. सालाच्या आतला चिवट पापुद्रा ओढून काढणं हे जगातलं सर्वात कंटाळवाणं काम असावं, आणि ते नेहमी माझ्याकडे यायचं. खालच्या मजल्यावरच्या शुक्ला आंटी वाटीभर उसळ नेताना म्हणायच्या, "भाभी, आप लोगों का तो खून भी हरा हो गया होगा अब तक." आता मी बाजारातून सोललेले मटार पिशवीतून आणते. पिशवी मुकाट्याने फ्रिजमध्ये जाते. हिवाळा आला हे मला दुसऱ्या कुणाकडून कळावं लागतं.

मी त्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली. बाबा कारखान्यात लेथवर होते, काका रेल्वेत, कटनीला. आई आठवीपर्यंत शिकलेली. कॉलेजात गेले म्हणजे मला सगळं कळतं असा घरच्यांचा पक्का समज होता. विजेचं बिल जास्त आलं, रोहूला दाखवा. औषधाच्या डबीवर काय लिहिलंय, रोहूला विचारा. रोहू म्हणजे मी, रोहिणी. जबलपुरात रोहू हा मासा असतो, त्यामुळे शाळेत माझी फार थट्टा व्हायची. आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, मी एकदा रडत हे सांगितलं तर ते म्हणाले, "चांगला मासा आहे. काहून लाजून राहिली?" तर कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकत होते. मटाराच्या खोडाचा आडवा छेद मला डोळे मिटून काढता यायचा, पण बँकेच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचताना मला घाम फुटायचा. तरी मी कागद हातात घ्यायची, बराच वेळ बघायची आणि हळू आवाजात काहीतरी सांगायची. नाही येत म्हणायची मला लाज वाटत असे, आणि त्याहून जास्त, घरच्यांचा तो विश्वास मोडायची भीती वाटत असे.

मटार आमच्याच शेतातले. शेत पाटणच्या रस्त्याला. ते आबाजींनी स्वतः घेतलेलं, आणि ते कसं घेतलं याच्या गोष्टी दर वेळी थोड्या बदलायच्या, म्हणून त्यात शिरत नाही. रविवारी सकाळी मी आणि बाबा स्कूटरवर तिकडे जायचो. धुकं असायचं, बाबांच्या मफलरचं टोक माझ्या तोंडावर आपटत राहायचं. शेतावर विटांच्या दोन खोल्या, पुढे कडुनिंब, त्याखाली बाज, आणि बाजेवर आबाजी. त्यांची नजर तोवर बरीच अधू झाली होती. शेत त्यांना दिसत नसे. ते ऐकू येत असे. शेत कसायची बेबीआत्या.

बेबीआत्याचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. पन्नाशीला आलेली, उन्हाने काळवंडलेली, डोक्याला गमछा बांधून ट्रॅक्टर चालवणारी बाई, आणि सगळं गाव तिला बेबी दीदी म्हणायचं. लग्नानंतर काही महिन्यांतच ती परत आली होती. काहून, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती पाणी द्यायला वावरात उतरली, ती तिथलीच झाली. मटार निघाले की मोकळ्या तुकड्यात ती नांगर धरायची. ट्रॅक्टर लांब जाताना आवाज बारीक होत जाई, टोकाला गेला की क्षणभर घोगरा होई, आणि मग परत येताना मोठा होत जाई. तो घोगरा आवाज आला की बाजेवरून आबाजी म्हणायचे, "वळली." पुन्हा थोड्या वेळाने, "वळली." मध्ये कोणाशी बोलत असले तरी वाक्य तोडून म्हणायचे. मला वाटायचं म्हाताऱ्या माणसाची सवय आहे. त्यांना त्या शब्दात काय मिळायचं हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी कॉलेजात असतानाच्या एका हिवाळ्यात शेजारच्या पटेलांच्या शेताची वाटणी झाली. पटेल दादा आबाजींचे जुने सोबती, रोज संध्याकाळी बिडी ओढायला बाजेवर येणारे. त्यांचे भाऊ गेले आणि पुतण्यांनी जमीन वाटून घेतली. प्रत्येकाला रस्ता पाहिजे आणि प्रत्येकाला विहीर पाहिजे, म्हणून रस्त्यापासून नाल्यापर्यंत लांबच लांब पट्टे पाडले, पायजम्याच्या नाडीसारखे, आणि पटेल दादांचा पट्टा बरोबर मधे आला. आता प्रत्येक पुतण्याचा ट्रॅक्टर टोकाला जाऊन पटेल दादांच्या पिकात वळायचा, कारण स्वतःच्या पट्ट्यात वळायला जागाच नव्हती. रोज भांडण. पटेल दादा आबाजींना म्हणायचे, "मेरा खेत नहीं रहा भैया, चौराहा हो गया."

त्या रविवारी आत्या चहा गाळत होती आणि मी कप पुसत होते. बाहेर पटेल दादा हेच सांगत होते. आत्याने ऐकलं आणि अगदी सहज, आलं किती टाकलं हे सांगावं तसं म्हणाली, "आपलंही असंच होईल ना रोहू. जमीन आबाजींच्या एकट्याच्या नावावर आहे. ते गेले की तीन पट्टे. तुझे बाबा काही म्हणणार नाहीत, ते कधीच म्हणत नाहीत. सुधाकर कटनीहून शेती करायला थोडाच येणार आहे? तो आपला पट्टा देऊन टाकेल कोणाला. मग मी एवढ्याशा तुकड्यात ट्रॅक्टर घेऊन काय करू? मी पाहुणी होऊन जाईन इथे." आणि हसली. हसताना तिने गाळणं दोनदा आपटलं, चोथा तर आधीच पडला होता.

बाहेर आबाजींच्या कानावर ते गेलं असावं. नजर गेली तशी त्यांची ऐकू यायची ताकद वाढली होती. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "रोहू, माझं मृत्युपत्र करून टाकू. पुढच्या रविवारी नको, आत्ताच. तू कॉलेजात जाते, तुला माहीत असेल कसं करतात." मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हो आबाजी, विचारून येते."

गावाच्या रस्त्यावर दीपू भैयाचं दुकान होतं. तिथे फोटोकॉपी, मोबाइल रिचार्ज, आधार, खसऱ्याची, म्हणजे सातबाऱ्याची, नक्कल, रेल्वेचं तिकीट असं सगळं व्हायचं. सरकारी काम म्हणजे दीपू भैया, एवढंच मला ठाऊक. वाटेत मी मनात वाक्य जुळवत गेले. घराबाहेर आम्ही हिंदीच बोलायचो. कॉलेजात माझी हिंदी ऐकून कुणाला मी मराठी आहे हे कळतही नसे. पण असे काही शब्द असतात जे आपण फक्त घरातच ऐकलेले असतात. वसीयत हा शब्द मला येत होता, नाही असं नाही. पण तो सिनेमातला शब्द होता, त्यात हवेली असते, वकील असतो, चष्मा काढून वाचणं असतं. कडुनिंबाखाली बाजेवर बसून मटार खाणाऱ्या आमच्या आबाजींना तो लागू होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी मृत्युपत्र म्हटलं होतं, आणि मृत्यू हिंदीतही मृत्यू, पत्र हिंदीतही पत्र.

"भैया," मी म्हटलं, "आबाजी का मृत्युपत्र बनवाना है."

दीपू भैयाने हातातला मोबाइल उलटा ठेवला. "अरे," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "कब हुआ दीदी?"

मला वाटलं, कधी ठरलं असं विचारतोय. "अभी, चाय के टाइम."

"अचानक?"

"नहीं, मन में तो बहुत दिनों से चल रहा था उनके. बोले नहीं किसी से."

"तकलीफ़ में थे?"

"थोड़ी. अब हल्का लग रहा है उनको. सबको ही हल्का लग रहा है, सच कहूँ तो."

दीपू भैयाने मान खाली घातली. "हाँ, इस उमर में… अच्छा ही है एक तरह से. बेबी दीदी कैसी हैं?"

"वो तो हँस रही थीं."

"सदमा है," तो अगदी हळू म्हणाला. मला ते नीट ऐकू आलं नाही. मग त्याने संगणक सुरू केला आणि वारसांची नावं विचारली. मी बाबांचं, काकांचं, आत्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "नामांतरण भी इसी के साथ डाल देते हैं, बाद में चक्कर नहीं लगाना पड़ेगा." मला नामांतरण म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून मी हो म्हटलं. पैसे द्यायला लागले तर त्याने हात जोडले. "आज नहीं दीदी. आप चलिए, हम लोग आते हैं." किती चांगला माणूस आहे, असं मनात म्हणत मी परत निघाले. वाटेत एका बाईने मला पाहून डोक्यावर पदर घेतला. तेही मला चांगलंच वाटलं.

परत आले तर पटेल दादा चहा पिऊन घरी गेले होते आणि आबाजी बाजेवर मांडी घालून बसले होते, समोर परात. आत्या पुन्हा ट्रॅक्टरवर. बाबा विहिरीच्या मोटरशी काहीतरी खटपट करत होते, त्यांचा फोन स्कूटरच्या डिकीत. माझा फोन होता जवळ, पण आमच्या शेतात नेटवर्क फक्त विहिरीच्या काठावर, तेही एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर मिळायचं. मी आबाजींजवळ बसून मटार सोलायला लागले आणि सांगितलं, झालं काम, दीपू भैया स्वतः येतो म्हणाला. "साक्षीदार लागतात त्याला," आबाजी म्हणाले, "दोन तरी. तेही सांगायचं होतं ना."

साक्षीदारांची काही कमी पडली नाही. थोड्याच वेळात पायवाटेवरून माणसं येताना दिसली. पुढे पटेल दादा, अनवाणी, खांद्यावर पांढरा गमछा. मागे त्यांचे तेच भांडणारे पुतणे, पहिल्यांदाच एका रांगेत. मागे गावातली आणखी माणसं, आणि दीपू भैया, हातात झेंडूचा हार. आबाजींनी नुसती पावलं ऐकली आणि मान वर केली. "कोण आहे? एवढी माणसं काहून येऊन राहिली?" मग हिंदीत, काळजीने, "क्या हुआ? कौन गया?"

पटेल दादा जागीच थांबले. त्यांच्या तोंडावर जे काही उमटलं ते मला आजही सांगता येणार नाही. ते रडतच आले होते. रडणं थांबलं नाही, त्यात फक्त राग मिसळला. "कौन गया? आप गए हैं. पूरे गाँव में आप गए हैं. मैं चप्पल छोड़के भागा हूँ, पाँव में काँटा लगा है, और आप यहाँ मटर खा रहे हैं."

"ताजे आहेत," आबाजी म्हणाले. "बसा, खाऊन पहा."

मग सगळ्यांनी दीपू भैयाकडे पाहिलं आणि दीपू भैयाने माझ्याकडे. "दीदी, आपने ही तो कहा मृत्यु-पत्र. मृत्यु प्रमाण पत्र." बाबा विहिरीवरून तेलकट हात पुसत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यांत आधी त्यांना समजलं. "वसीयत, दीपू. मराठी में वसीयत को मृत्युपत्र कहते हैं." पटेलांच्या एका पुतण्याला हसू फुटलं, आणि ते सगळ्यांना लागलं. मी मात्र जमिनीकडे पाहत होते. आबाजींनी अंदाजाने हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "काहून लाजून राहिली रोहू? बरं झालं. मी गेलो तर कोण-कोण येतं ते ऐकून घेतलं." मग मान वळवून म्हणाले, "दीपू, काग़ज़ लग गया क्या मेरा?"

"सर्वर डाउन था बाबूजी," दीपू म्हणाला. "नहीं तो आप निपट गए थे."

हार घेऊन आता काय करायचं हा प्रश्न होता. शेवटी आत्याने तो ट्रॅक्टरला घातला. ती वावरातून घाबरून धावत आली होती, इतकी माणसं पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सगळा प्रकार कळल्यावर ती बाजेच्या पायाशी बसून हसत राहिली आणि मधेच गमछ्याने डोळे पुसत राहिली. मग उठली आणि मोठ्या पातेल्यात चहा चढवला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पटेलांच्या घरून पुऱ्या-भाजीचा डबाही निघाला होता. तो आला आणि मजेत संपला.

काका दुपारी पोचले. दीपूने आधारच्या नोंदीतून नंबर काढून त्यांना फोन केला होता, आणि खरं काय ते कळल्यावर पुन्हा केला, तेव्हा काका वाटेत कुठेतरी नेटवर्कबाहेर होते. कटनीहून साहेबाच्या जीपमधून आलेले, डोळे लाल, सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली. उतरले ते थेट खोलीकडे धावले, बाजेवर कोण बसलंय हे न पाहता. मागून आबाजींनी हाक मारली, "सुधाकर, बटणं नीट लाव." काका वळले, आणि तिथेच मातीत बसले. मोठा माणूस असा बसताना मी आधी पाहिला नव्हता. त्यांनी एक बटण सोडलं आणि पुन्हा चुकीच्याच काजात घातलं. मग म्हणाले, "रस्ताभर मी एकच विचार करून राहिलो होतो, की दिवाळीला येतो म्हटलं होतं आणि आलो नाही."

"आता आला ना," आबाजी म्हणाले. "आलाच आहेस, तिघंही आहात, साक्षीदारही आहेत. आत्ताच उरकून घेऊ."

मला वाटतं, तसा योग पुन्हा कधी आलाच नसता. एरवी बाप गेल्यावर बोलायच्या गोष्टी सगळे बाप जिवंत असताना, आणि तो गेला असं नुकतंच समजून, त्या ओल्या मनाने बोलायला बसले होते. आबाजींनी हातातल्या काठीने मातीत एक चौकोन काढला. "हा रस्ता. हा नाला. ही विहीर. तीन मुलं, तीन पट्टे, सारखे. विहीर सगळ्यांची. माझ्या मनात कोणी कमी-जास्त नाही." आणि काठीने वरून खाली दोन सरळ रेघा ओढल्या.

बाबा म्हणाले, "ठीक आहे." काका म्हणाले, "ठीकच आहे." आत्या त्या रेघांकडे पाहत होती. मग कप गोळा करायला उठली, आणि मला दिसलं की ती रिकामे आणि भरलेले दोन्ही कप गोळा करतेय.

मी त्या दिवशी एकदा तोंड उघडून सगळं गाव रडवलं होतं. पुन्हा उघडायची माझी हिंमत नव्हती. पण ते कप पाहून मला राहवलं नाही. मी ओठातल्या ओठात म्हटलं, "आबाजी, ट्रॅक्टर कुठे वळेल?"

"काय? मोठ्यानं बोल."

"या पट्ट्यात ट्रॅक्टर कुठे वळेल?"

आबाजींची काठी थांबली. पटेल दादांना मराठी पुरती येत नव्हती, पण ट्रॅक्टर आणि वळेल एवढं त्यांना समजलं. त्यांनी पायातला काटा शोधता शोधता म्हटलं, "मेरे में वळेगा, बिटिया. और कहाँ? सबका मेरे में ही वळता है." पुतणे दुसरीकडे पाहू लागले.

मग काका म्हणाले, "मग काय करायचं? सगळं बेबीच्या नावावर? माझी पोरं काय करतील?"

"आता काय करून राहिली?" आत्या म्हणाली. "मटार खाऊन राहिली ना. तेच करतील."

"मजाक नको करू बेबी. उद्या विकलं कोणाला तर?"

"मी विकीन?"

तिने हे फार हळू विचारलं. काकांनी लगेच मान हलवली. "तू नाही. पण तुझ्यानंतर कोण, काय, कोणाला माहीत? मी ते म्हणून राहिलो." आणि ते खोटं नव्हतं. आज विचार करते तर त्या दुपारी कोणीच वाईट बोललं नाही. प्रत्येकजण आपापल्या भीतीचं बोलत होता, आणि पहिल्यांदा ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

आबाजींनी काठी बाजेला टेकवली. मग म्हणाले, "मी तीन पट्टे केले. पण बेबीला काय पाहिजे ते विचारलंच नाही. बेबी, काय पाहिजे तुला?"

आत्या कपांचा ढीग हातात घेऊन उभी होती. "मला काय पाहिजे आबाजी. मला वळायला जागा ठेवा."

आबाजींनी पायाने मातीतल्या दोन्ही रेघा पुसल्या. मग आखणी पुन्हा सुरू झाली आणि ऊन उतरेपर्यंत चालली. कोणी बोट मातीत खुपसून आपलं म्हणणं काढून दाखवी, पटेल दादा मध्येच आपल्या घरच्या चुका उदाहरणादाखल सांगत. ठरलं ते असं: शेत अखंड राहील. आत्या जगेल तोवर ते कसेल, विकणार नाही, कोणी तिला उठवणार नाही. तिच्यानंतर ते आम्हा सगळ्या नातवंडांचं, आणि आम्हाला वाटून घ्यायचंच असेल तर आडवं वाटायचं, उभं नाही. रस्त्याकडचा पडीक कोपरा बाबांना आणि काकांना, घर बांधायचं तर. मी हे आठवून सांगतेय. वकिलाने नंतर हेच भल्यामोठ्या वाक्यांत लिहिलं, आणि ते वाचताना माझा पुन्हा गोंधळ झाला.

"आणि पहिली तोडणी?" काकांनी शेवटी विचारलं. पहिल्या तोडणीचे मटार सर्वात गोड असतात.

"पहिल्या तोडणीचं पोतं कटनीला," आबाजी म्हणाले.

"गाडीत चढवून देईन मी," आत्या म्हणाली. "पण उतरवून घ्यायला तू स्वतः स्टेशनवर जायचं. प्यूनला नाही पाठवायचं. हेही लिहा त्याच्यात." ते लिहिलं नाही, पण पाळलं गेलं.

कागद नंतर शहरात, राइट टाउनमधल्या एका वकिलाकडे झाला. बाबांनी आबाजींना रिक्षातून नेलं, पटेल दादा आणि दीपू भैया साक्षीदार म्हणून मागून मोटरसायकलवर. मी बाजूच्या बाकावर बसून होते. वरती हिंदीत वसीयतनामा असं ठळक अक्षरात होतं. आबाजींनी सही मराठीत केली, अक्षरांवर बोट फिरवत, आणि पटेल दादा म्हणाले, "मातम में आए थे, गवाह बनके जा रहे हैं." परत येताना सगळ्यांनी खव्याची जलेबी खाल्ली. आबाजींनी दोनदा मागितली.

त्यानंतर आबाजींनी आणखी बरेच मटार खाल्ले. माझं कॉलेज संपलं, मी शाळेत शिकवायला लागले, खूप वेळा चुकत चुकत. अजूनही वर्गात एखादी मुलगी प्रश्न विचारताना आवाज खाली नेते तेव्हा मी म्हणते, मोठ्यानं बोल, आणि माझ्याच तोंडून आबाजी बोलल्यासारखं वाटतं.

ते गेले तेव्हा पाऊस नुकताच संपला होता, मटार पेरायचे होते. झोपेतच गेले. सगळं गाव पुन्हा पायवाटेवरून आलं, आणि या वेळी पटेल दादा बाजेवर येऊन बसले ते बराच वेळ उठले नाहीत. काही दिवसांनी मी दीपू भैयाच्या दुकानात गेले. त्याचं दुकान आता मोठं झालं होतं, काचेचा दरवाजा होता. मला पाहून तो उभा राहिला. त्याने मोबाइल उलटा ठेवला, थोडा घुटमळला, आणि फार जपून विचारलं, "दीदी, इस बार… कौन-सा पत्र?"

मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. तोही तसाच. "तुम समझे थे ना उस दिन, वो वाला," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि संगणकाकडे वळला. नामांतरण म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढवणं, हे आता मला माहीत होतं.

परत शेतावर आले तर बाज कडुनिंबाखाली तशीच होती. बाबा आणि काका तिच्यावर बसायचं सोडून शेजारी खाली बसले होते, दोघांमध्ये चहाची किटली. आत्या वावरात होती. दुःख असलं तरी पेरणी थांबत नसते, असं तिने कोणाला सांगितलं नाही, फक्त सकाळी उठून गमछा बांधला. ट्रॅक्टरचा आवाज लांब जात बारीक होत गेला. नाल्याकडच्या टोकाला पोचला, क्षणभर घोगरा झाला. काकांनी बोलता बोलता वाक्य तोडलं. कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं, आणि कोणी म्हणेना.

"वळली," मी म्हटलं. आवाज मोठा होत आमच्याकडे येऊ लागला.